मेडिकलवाला फक्त गोळ्या देतो का? फार्मासिस्टचं बदलतं काम आणि तुमचा मोबाईल



अंग दुखायला लागलं, ताप आला, पोट बिघडलं की आपण आधी काय करतो? खरं सांगा. आधी गूगलवर शोधतो, हल्ली तर थेट एआयला विचारतो, आणि मग उठून कोपऱ्यावरच्या मेडिकलवर जातो. डॉक्टरचा नंबर तिसरा लागतो. तोही दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर!

या रांगेत मी दुसऱ्या नंबरवर बसतो. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावात मेडिकल चालवतो. लासलगाव म्हटलं की लोकांना कांद्याचे भाव आठवतात. माझ्या दुकानात त्याच बाजाराची माणसं येतात: हमाल, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायका, ट्रॅक्टरवाले, व्यापारी, द्राक्षबागेत फवारणी करणारी पोरं. यातल्या बऱ्याच जणांसाठी आजारपणात भेटणारा पहिला माणूस मीच असतो.

म्हणून आज समजून घेऊया की फार्मासिस्टचं काम कसं बदलतंय, तो तुमचा आजार ओळखू शकतो का, कायदा काय म्हणतो, आणि यात तुमचा मोबाईल कुठे कामाला येतो.

फार्मासिस्ट म्हणजे नेमका कोण?

मेडिकलच्या काउंटरमागे उभा असलेला प्रत्येक माणूस फार्मासिस्ट नसतो. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी. फार्म किंवा चार वर्षांचा बी. फार्म करायचा आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करायची, तेव्हा माणूस फार्मासिस्ट होतो. २००८ पासून आपल्या देशात फार्म. डी. हा सहा वर्षांचा कोर्सही आहे. त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं आणि सगळा भर रुग्णावर असतो.

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. त्यामुळे पुढच्या वेळी मेडिकलवर गेलात की भिंतीकडे बघा. तिथे फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक लावलेला असतो. तो माणूस दुकानात हजर आहे का, एवढं विचारायला काहीच हरकत नाही. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच कोणी, असं असेल तर तुम्हाला औषध मिळेल, पण ते तपासून देणारं डोकं मिळणार नाही.

२०१५ मध्ये काय बदललं?

जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स लागू केले. त्यांच्यामुळे एक गोष्ट कागदावर स्पष्ट झाली. चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. तो काही उपकार करत नाही.

म्हणजे नेमकं काय सांगायचं? औषधाचं नाव काय, ते कशासाठी आहे, किती घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, कोणते त्रास होऊ शकतात, दुसऱ्या कोणत्या औषधाबरोबर चालत नाही, ठेवायचं कुठे, आणि एखादी वेळ चुकली तर काय करायचं.

आता तुम्हीच आठवा. गेल्या वेळी तुम्हाला यातलं किती सांगितलं गेलं? बहुतेक वेळा पिशवीवर पेनाने "१-०-१" लिहिलं आणि झालं. गर्दी असते, लोकांना घाई असते, लिलाव सुरू व्हायचा असतो, हे सगळं खरं. पण हा सल्ला मागणं तुमचा हक्क आहे. मागितला तर मिळतो, असा माझा अनुभव आहे.

मग फार्मासिस्ट आजाराचं निदान करू शकतो का?

सरळ उत्तर: भारतात नाही. आजार ठरवणं आणि औषध लिहून देणं हे काम नोंदणीकृत डॉक्टरचं आहे. माझ्याकडे कितीही अनुभव असला तरी "तुम्हाला टायफॉईड झालाय, ही ॲन्टिबायोटिक घ्या" असं मी म्हणू शकत नाही.

पण निदान आणि "धोक्याची खूण ओळखणं" यात फरक आहे. मी आजाराचं नाव सांगत नाही. मी एवढंच सांगू शकतो की हे घरगुती नाही, आजच डॉक्टरकडे जा. ऐकायला छोटं वाटतं, पण लासलगावसारख्या ठिकाणी अनेकदा सगळा खेळ याच एका वाक्यावर असतो. तीन उदाहरणं देतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पहिलं उदाहरण, अंगदुखीची गोळी. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते त्या दिवसांत हमाली करणारा एक माणूस दर दोन-तीन दिवसांनी यायचा. "ती अंगदुखीची पिवळी द्या." आधीच्या कुठल्या तरी आजारपणात लिहून मिळालेली डायक्लोफेनॅक होती ती. हे औषध शेड्यूल एच मध्ये येतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. मी नाही म्हणालो, तो चिडला. मी त्याला स्टुलावर बसवून बीपी बघितलं. वरचा आकडा १८० च्या पुढे होता आणि पायांवर सूज होती.

अशा वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवू शकतात आणि किडनीवर ताण आणतात. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो. मी कागदावर बीपीचा आकडा, वेळ आणि तो घेत असलेल्या गोळीचं नाव लिहून दिलं आणि ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितलं. तो तेव्हा तरी बडबडतच गेला. पंधरा दिवसांनी बीपीची गोळी घ्यायला आला तेव्हा रक्ताचा रिपोर्ट त्याच्या खिशात होता. किडनीला त्रास सुरू झाला होता, पण वेळेत कळलं. यात मी निदान केलं नाही. मी गोळी दिली नाही, आणि का देत नाही ते लिहून दिलं.

दुसरं उदाहरण, दोन नावं आणि औषध एकच. एक मुलगा आईला घेऊन आला. तिला दुपारी घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, चक्कर यायची. त्याने एआयला विचारलं होतं आणि उत्तर आलं होतं की ॲनिमिया असू शकतो, म्हणून लोहाच्या गोळ्या घ्यायला आला होता. मी म्हटलं, "आईच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन ये." पिशवीत डायबेटिसच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या. एक नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी इथल्या डॉक्टरांनी. दोन्हींच्या मागे बारीक अक्षरात एकच घटक होता, ग्लिमेपिराइड. त्या माउली दोन्ही घेत होत्या, म्हणजे डोस दुप्पट होत होता आणि साखर धाडकन खाली येत होती. तिथेच बोटाला टोचून साखर बघितली, ती कमी निघाली. साखरपाणी दिलं, लगेच दोघांपैकी एका डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी एक गोळी बंद केली.

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. एआयला पिशवीत काय आहे ते माहीतच नव्हतं. विचारलं ते लक्षण, आणि खरं उत्तर होतं पिशवीत.

तिसरं उदाहरण, खोकला. कांद्याच्या खळ्यावर काम करणाऱ्या लोकांना धुळीचा आणि पत्तीचा त्रास असतोच. त्यामुळे महिना-महिना खोकला असला तरी "धुळीचाय" म्हणून सिरपच्या बाटल्या नेल्या जातात. टीबीच्या कार्यक्रमाचा साधा नियम आहे: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. त्यामुळे एकच माणूस तिसरी बाटली मागायला आला की मी बाटली देण्याआधी विचारतो, "किती दिवस झाले? रात्री घाम येतो का? वजन कमी झालंय का?"

यात कायदाही आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार टीबीची औषधं देणाऱ्या मेडिकलवाल्यांनीसुद्धा रुग्णाची माहिती सरकारला कळवायची असते. ही नोंद निक्षय नावाच्या ऑनलाइन प्रणालीत जाते आणि रुग्णाचे उपचार मधेच तुटू नयेत म्हणून पाठपुरावा होतो. म्हणजे मेडिकलचं काउंटर हे सरकारच्या आरोग्य यंत्रणेचं एक टोक आहे.

दुकानातली मशीन: आकडा मिळतो, आजार ठरत नाही

आता जरा टेक्निकल भाग. मेडिकलमध्ये किंवा घरात तीन मशीन हमखास दिसतात.

ग्लुकोमीटर: पट्टीवर एक एन्झाइम लावलेलं असतं. रक्तातल्या ग्लुकोजची त्याच्याशी क्रिया होते, त्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. गंमत बघा, निफाड तालुका द्राक्षांचा. द्राक्षं खुडून आलेला माणूस हात न धुता बोट पुढे करतो आणि आकडा भलताच जास्त येतो, कारण बोटावरची फळाची साखरही पट्टीवर जाते. सॅनिटायझरने पुसून भागत नाही. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.

आणि एक आकडा म्हणजे डायबेटिस नव्हे. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, तीही लॅबमध्ये आणि बहुतेक वेळा पुन्हा तपासून, मग डॉक्टर निदान करतात.

बीपी मशीन: धावत येऊन, चहा पिऊन, पाय लोंबकळत ठेवून मोजलं तर आकडा चुकणारच. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, दंड हृदयाच्या पातळीला आणा, बोलू नका. १४०/९० किंवा त्यापेक्षा जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या आसपास असेल आणि छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर थांबूच नका, १०८ ला फोन करा.

पल्स ऑक्सिमीटर: बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश जातात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी काढली जाते. नखाला गडद नेलपॉलिश असेल किंवा बोट गार पडलेलं असेल तर आकडा चुकतो. तुमच्या स्मार्टवॉचमध्येही प्रकाशाचाच खेळ आहे, पण ते मनगटावर मोजतं. त्याच्या आकड्यावर औषध सुरू किंवा बंद करू नका.

कोरोनाने काय शिकवलं?

मार्च २०२० च्या शेवटी नाशिक जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण सापडला तो आमच्या लासलगाव परिसरातच. त्यानंतरच्या दोन वर्षांत मेडिकलचं काम पार बदलून गेलं. दुकानं उघडी होती, दवाखान्यांत गर्दी होती, आणि लोक पहिला प्रश्न आम्हालाच विचारत होते.

मग मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविसेल्फ या घरी करायच्या टेस्टला मंजुरी दिली. किंमत २५० रुपये, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारी. नाकातला स्वॅब स्वतः घ्यायचा, पंधरा मिनिटांत निकाल बघायचा आणि ॲपवर फोटो टाकायचा. निदानाचं साधन असं सरसकट लोकांच्या हातात आलं.

पण त्याच किटच्या नियमात एक धडा होता. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्ह समजा. लक्षणं असूनही निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा. म्हणजे घरच्या टेस्टचं "नाही" हे पक्कं "नाही" नसतं. प्रेग्नन्सी किटपासून मलेरियाच्या रॅपिड टेस्टपर्यंत सगळीकडे हीच गोष्ट लक्षात ठेवा.

बाहेरच्या देशांत काय चाललंय?

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून "फार्मसी फर्स्ट" नावाची योजना सुरू झाली. तिथला फार्मासिस्ट सात आजारांमध्ये रुग्णाला तपासून, ठरलेल्या नियमांच्या चौकटीत, गरज असेल तर ॲन्टिबायोटिकसुद्धा देऊ शकतो. घसा दुखणं, सायनस, मुलांचा कान दुखणं, कीटक चावून झालेला संसर्ग, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांमधला साधा लघवीचा संसर्ग, ही ती यादी. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातही जानेवारी २०२३ पासून फार्मासिस्ट काही किरकोळ आजारांसाठी औषध लिहून देऊ शकतात.

मग आपल्याकडे का नाही? माझं मत विचाराल तर घाई नको. तिथे फार्मासिस्टला बंद खोली असते, रुग्णाचा रेकॉर्ड स्क्रीनवर दिसतो, प्रशिक्षण झालेलं असतं आणि केलेली प्रत्येक गोष्ट रुग्णाच्या डॉक्टरला कळवली जाते. आपल्याकडे काउंटरवर चार माणसं ऐकत असतात आणि रेकॉर्ड म्हणजे चुरगळलेली चिठ्ठी. शिवाय औषध लिहिणारा आणि औषध विकून नफा कमावणारा एकच असेल तर मोह होणारच. फार्मासिस्ट म्हणून मला जास्त अधिकार आवडतील, पण त्याआधी ही तयारी हवी. तोपर्यंत जे अधिकार आजच आहेत, म्हणजे तपासणं, समजावणं, नाही म्हणणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं, ते तरी पूर्ण वापरले जायला हवेत.

आता मोबाईल काढा: या गोष्टी आजच करा

१. पट्टीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ठरवलेल्या ३०० मोठ्या औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. त्यात औषधाचं मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची आणि एक्स्पायरीची तारीख, लायसन्स नंबर ही माहिती असते. स्कॅन केल्यावर दिसणारा बॅच नंबर पट्टीवर छापलेल्या नंबरशी जुळतो का बघा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. क्यूआर कोड म्हणजे चित्रात लपवलेला मजकूर. चित्राची कॉपी कोणीही करू शकतं. त्यामुळे कोड जुळला म्हणजे औषध शंभर टक्के अस्सल, असं नाही. पण जुळला नाही तर दुकानदाराला विचारायलाच हवं. आणि बिल घ्या. बिलावर बॅच नंबर असतो.

२. बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपची बातमी तुम्ही वाचली असेल. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली लहान मुलं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार सुरू होते. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचचा वापर आणि विक्री थांबवायला सांगितलं. अशा वेळी घरातली बाटली त्याच बॅचची आहे का, हे लेबल पुसलेलं असेल तर कळणार कसं? म्हणून बाटली उघडण्याआधी एक फोटो काढा, दोन सेकंदांचं काम आहे. आणि लहान मुलांना खोकल्याचं सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका, मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलं होतं म्हणूनही नाही.

३. घरातल्या मोठ्यांच्या औषधांची यादी करा. आई-बाबा, आजी-आजोबा यांच्या सगळ्या पट्ट्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढा. ब्रँडचं नाव ठळक असतं, पण आपल्याला हवं असतं घटकाचं नाव. एकच घटक दोन पट्ट्यांवर दिसला की डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा. साधं उदाहरण पॅरासिटामॉलचं. तापाच्या गोळीत ते असतं आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम ही मर्यादा आहे. दोन्ही गोळ्या वरचेवर घेतल्या की ती नकळत ओलांडली जाते आणि लिव्हरला इजा होते.

४. लाल रेघ ओळखा. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली म्हणजे हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. लाल चौकटीतली सूचना आणि लाल रंगातलं आरएक्स दिसलं तर ते शेड्यूल एच१ चं. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात काही ताकदवान ॲन्टिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लागणारी औषधं येतात. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. त्यामुळे मी नाव विचारलं तर रागावू नका.

५. कीटकनाशकाच्या डब्याचा फोटो. हे खास आमच्या भागातल्या पोरांसाठी. फवारणीनंतर मळमळ, खूप घाम, लाळ सुटणं, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणं असं व्हायला लागलं तर ते ऊन लागलंय किंवा ॲसिडिटी झालीय असं समजून मेडिकलवर गोळी मागायला येऊ नका. काही कीटकनाशकांच्या विषबाधेची ही लक्षणं आहेत. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो डॉक्टरला दाखवा. कोणतं रसायन आहे ते कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

६. औषधाचा त्रास झाला तर कळवा. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले, तर आधी डॉक्टर गाठा. नंतर त्याची नोंदही करा. २०१० पासून भारतात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम सुरू आहे. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे आणि १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. मोबाईल ॲपही आहे. सामान्य माणूसही तक्रार नोंदवू शकतो. ही माहिती देशभरातून गोळा झाली की एखाद्या औषधाचा लपलेला धोका पुढे येतो.

७. किंमत तपासा. जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं जनऔषधी केंद्र आणि जेनेरिक औषधाची किंमत दिसते. फार्मा सही दाम वर ब्रँडच्या किमतींची तुलना करता येते. पण स्वस्त पर्याय दिसला म्हणून शेड्यूल एच चा लिहिलेला ब्रँड मी माझ्या मनाने बदलून देऊ शकत नाही, नियमच तसा आहे. म्हणून डॉक्टरांकडे असतानाच विचारा, "जेनेरिक नाव लिहून देता का?"

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी चालते का? मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला पाठवू शकतात. त्यावर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि तुमचं नाव हवं. मित्राला दिलेल्या चिठ्ठीचा स्क्रीनशॉट चालत नाही, आजार तोच असला तरीही. नशा आणणारी आणि शेड्यूल एक्स मधली औषधं फोनवरच्या सल्ल्याने लिहिताच येत नाहीत.

एआयने सांगितलेलं औषध द्याल का? नाही. पण एआय वापरायचाच असेल तर त्याला औषध विचारू नका. "या गोळीबद्दल डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू?" असं विचारा आणि ते प्रश्न घेऊन या. मला आवडेल.

ॲन्टिबायोटिक दोनच दिवसांची द्या, चालेल? ज्या आजाराला ती लागतच नाही त्याला एक दिवसही नको, आणि डॉक्टरांनी पाच दिवस लिहिली असेल तर दोन दिवसांत बंद करू नका. अर्धवट आणि उगाच घेतलेल्या ॲन्टिबायोटिकमुळे जंतू निगरगट्ट होतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

सुट्या, न ओळखू येणाऱ्या गोळ्या पुडीत मिळाल्या तर? घेऊ नका. पट्टी नाही म्हणजे नाव नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही. पट्टी कापून दिली असेल तर नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग मागा, नाहीतर निदान बिलावर सगळं लिहून घ्या.

शेवटचं

पुढच्या वेळी मेडिकलवर गेलात की गोळीसोबत तीन प्रश्न विचारा: हे कशासाठी आहे? माझ्या बाकीच्या औषधांबरोबर चालेल का? आणि कोणता त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे जायचं? उत्तर नीट देणारा माणूस सापडला तर तेच मेडिकल धरून ठेवा. वारंवार तिथेच गेलात तर त्याला तुमच्या घरातली औषधं पाठ होतात, आणि काही चुकीचं घडत असेल तर ते त्याच्या लक्षात येतं.

आणि आज घरी गेल्यावर आई-बाबांच्या औषधांची पिशवी उघडून बघा. दहा मिनिटं लागतील. माहिती उपयोगी वाटली असेल तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा.